हाकेला ओ

१

दर गुरुवारी सकाळी भोंगा रिकाम्या पोटी दवाखान्यात जायचा, दाराशी बूट काढायचा आणि कोपऱ्यातल्या खोलीतल्या लांब खुर्चीत आडवा व्हायचा. नर्स दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधायची, शिरेत सुई सरकवायची, डोळ्यांवर कापडी पट्टी ठेवायची आणि पांघरूण पायांखाली नीट खोचायची. मग बाटलीतून थेंब थेंब केटामाइन अंगात उतरू लागायचं. भूल द्यायला वापरतात तेच औषध, पण मात्रा थोडी, डॉक्टर शेजारच्या खोलीत आणि हेतू वेगळा. ज्यांचं नैराश्य गोळ्यांना दाद देत नाही त्यांच्यासाठी. भोंग्यानं गोळ्या सगळ्या जातीच्या गिळून पाहिल्या होत्या. त्या गोळ्यांनी त्याचं तोंड तेवढं कोरडं पडलं होतं.

भोंगा हे त्याचं कंपनीतलं नाव. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि त्याचा आवाज दांडगा होता. त्यानं तळमजल्यावरून हाक मारली की गच्चीवरच्या मोटारखोलीत आपल्या कपातला चहा हिंदकळतो, असं त्याचा जोडीदार मामा सांगायचा. मामाच्या बोलण्यातलं निम्मं सोडून दिलं तरी आवाज मोठाच होता म्हणायचा.

गेल्या वर्षी एका जुन्या इमारतीत तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता. लिफ्टची केबिन तळमजल्यावर थांबते, तिच्याही खाली एक पुरुषभर खोल खड्डा असतो. तिथं तेल साचतं, कचरा साचतो, तो अधूनमधून काढावा लागतो. ब्रेकचा एक भाग आणायला मामा वर्कशॉपला गेला होता. तेवढ्यात कुणा शहाण्यानं ‘काम चालू’ची पाटी बाजूला सारून वरच्या मजल्यावर केबिनमध्ये फरशांची खोकी रचून ठेवली आणि तो निघून गेला. झिजलेल्या ब्रेकला ते वजन पेललं नाही. केबिन रांगत रांगत खाली आली आणि खड्ड्यातल्या स्प्रिंगवर टेकली. भोंगा तिच्याखाली उताणा, नाकासमोर लोखंड.

लागलं काहीच नाही, खरचटलं तेवढंच. पण त्यानं हाका मारल्या, मारतच राहिला आणि एकाही हाकेला ओ आली नाही. मामा रस्त्यावरच्या गर्दीत अडकला होता आणि इमारतीतली माणसं आपापल्या कामावर गेली होती. त्याला बाहेर काढलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. बाहेर आल्यावर तो हसलासुद्धा.

मग काही दिवसांनी त्याचं जेवण गेलं, झोप गेली आणि आवाजही गेला. घशाचे डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. पण भोंगा कुजबुजल्यासारखा बोलू लागला आणि लिफ्टच्या दारासमोर उभं राहिलं की त्याचे गुडघे पाण्याचे व्हायचे. कंपनीनं त्याला सुट्या भागांच्या गोदामात बसवलं. तिथं तो दिवसभर खिडकीबाहेर बघत असे.

२

औषधाच्या दुसऱ्या दिवशी समुपदेशन करणाऱ्या ताईंची बैठक असायची. ताई मोठ्या समजूतदार होत्या. त्या म्हणायच्या, औषध नुसतं दार उघडतं. आत जे दिसतं ते तसंच सोडलं तर उडून जातं, ते मुरवावं लागतं. म्हणजे काय, तर काय दिसलं ते सांगायचं, त्यातलं एखादं खरं वाटणारं उचलायचं आणि आठवडाभर रोजच्या जगण्यात त्याला थोडी थोडी जागा करून द्यायची. भोंगा घरी बायकोला म्हणाला, उद्या माझी मुरांब्याची बैठक आहे. वर्षभरानंतर नवऱ्यानं केलेला पहिला विनोद म्हणून ती गरजेपेक्षा जास्त हसली.

आणि गुण येत होता. पहिल्या बैठकीनंतर त्यानं दाढी केली. पुढच्या आठवड्यात ताटातलं सगळं संपवलं आणि आणखी वाढायला सांगितलं. गोदामातल्या खिडकीची काच त्यानं आपणहून पुसली. ताईंनी हे सगळं कौतुकानं ऐकून घेतलं आणि आत काय दिसतं ते विचारलं.

तो म्हणाला, उतरतोय असं वाटतं. लिफ्टच्या विहिरीत, दोराच्या बाजूनं. भीती वाटत नाही. तळाशी अंधार असतो आणि मी सवयीनं हाक मारतो.

त्यांच्या कामाची ती जुनी रीत होती. कुणी खड्ड्यात उतरलं की वरच्यानं आधी हाक द्यायची, “आहेस का?” खालच्यानं “आहे” म्हणायचं. मग वर घ्या, खाली घ्या, थांबा, जे काही असेल ते. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं तेच परत म्हणून दाखवायचं आणि मगच दोर हलायचा. ओ आली नाही तर जगबुडी झाली तरी हात लावायचा नाही. कंपनीनं बोलायची यंत्रं दिली होती, पण मामाचा भरवसा माणसाच्या घशावर.

“मग तुमच्या हाकेला कुणी ओ देतं?” ताईंनी विचारलं.

“देतं,” भोंगा म्हणाला. “आहे, असं म्हणतं.”

ताईंना ते फार आवडलं. वर्षापूर्वी ओ आली नव्हती, आता येतेय, म्हणजे आतली जखम भरतेय, असं त्यांनी समजावून सांगितलं. ते पटण्यासारखं होतं. भोंगा त्या दिवशी घरी चालत गेला.

३

औषधाच्या अमलात माणूस काय बोलतो ते पुढं आठवत नाही, म्हणून ताई त्याच्या परवानगीनं खुर्चीशेजारी फोन ठेवून आवाज टिपून घ्यायच्या. आठवड्याभरात सवडीनं ऐका, म्हणून तो त्यालाच पाठवायच्या. भोंग्यानं ते गोदामात ऐकलं, दुपारच्या सुट्टीत, शेल्फांच्या मधल्या बोळात उभं राहून.

आधी बराच वेळ श्वास. नर्सच्या चपला. मग त्याचा स्वतःचा तो पिचका आवाज, “आहेस का?” आणि लगेच, मोठ्यानं, “आहे.”

त्यानं मागं नेऊन पुन्हा ऐकलं. वाटलं, ठीक आहे, आपणच हाक मारली आणि आपणच ओ दिली. झोपेत माणसं अख्खी भांडणं एकट्यानं करतात. पण हाक आणि ओ यांच्यात फट नव्हती. त्याच्या तोंडातून ‘का’ पूर्ण बाहेर पडायच्या आत ‘आहे’ सुरू झालं होतं. दोन आवाज क्षणभर एकावर एक होते. एका घशातून दोन आवाज निघत नाहीत, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

दवाखान्यात फोन केला तेव्हा खोलीत नर्सखेरीज कुणी नव्हतं असं कळलं. फोनमध्ये आवाज असे चढतात कधीकधी, असंही नर्स म्हणाली. भोंग्यानं तेही मानलं. यंत्रांच्या खोड्या त्याला नव्या नव्हत्या.

घरी त्यानं बायकोला ऐकवलं. ती शाळेत लहान वर्गाला शिकवायची, म्हणून कंपनीतले सगळे तिला मास्तरीण म्हणत. हजेरी घेताना मान वर न करता नुसत्या आवाजावरून, कोण कुणाच्या बदली ‘हजर’ म्हणतंय ते ती ओळखायची. पोरं तिला टरकून असत. ती वह्या तपासत होती. एकदा ऐकून तिनं पेन खाली ठेवलं आणि फोन कानाला लावून परत ऐकलं. तिचे डोळे भरून आले.

“हा ओ देणारा तुमचा आवाज आहे,” ती म्हणाली. “पूर्वीचा.”

त्याला एकाच वेळी आनंद झाला आणि पाठीतून गार काहीतरी उतरत गेलं. बायकोनं वह्या बाजूला सारल्या, पदरानं डोळे टिपले आणि तो आवाज तिनं आणखी एकदा लावला. तो का लावला हे त्याला कळलं आणि लागलंसुद्धा.

४

पुढच्या गुरुवारी तो तळापर्यंत पोचला.

नेहमीचं उतरणं झालं, दोराचा बारीक गुणगुणाट झाला आणि पायांना फरशी लागली. अंधार होता, पण ओळखीचा. तेलाचा वास होता. तिथं कुणीतरी उताणं पडलेलं होतं आणि हाका मारत होतं. पूर्ण ताकदीनं, न थकता, एकेका हाकेनंतर ओ येण्यापुरतं थांबून. तेव्हा भोंग्याला लख्ख आठवलं. त्या दिवशी दुपार कलताना तो थकून गप्प झाला होता. तो गप्प झाला, पण हाका थांबल्या नव्हत्या. त्या चालूच राहिल्या होत्या, त्याच्याच शेजारून, त्याच्याच आवाजात. मामा आला, केबिन वर गेली, त्याला काखेत हात घालून ओढून काढलं आणि खाली हाका तशाच चालू होत्या. फक्त कुणाला ऐकू गेल्या नाहीत.

डोळ्यांवरची पट्टी काढल्यावर तो लहान मुलासारखा रडला. रडून हलका झाला. नर्सनं कापूस देताना त्याच्या हाताकडे बघितलं आणि साबण आणून दिला. दोन्ही तळव्यांवर काळं वंगण होतं, लिफ्टच्या दोराला असतं तसलं. गोदामातलं असेल, तो म्हणाला. पण गोदामात सगळं नवंकोरं, खोक्यांत बंद असतं आणि नवा माल असा काळा नसतो. हे त्याला घरी पोचल्यावर सुचलं आणि मग तो पुन्हा हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी ताईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग त्या म्हणाल्या, तुमचाच एक भाग तिथं राहून गेलाय, धीट भाग. तो अजून हाका मारतोय. तुम्हाला ऐकू आल्या, हेच मोठं काम झालं. आता त्याला वर आणायचं, दुसरं काही नाही.

ताईंना म्हणायचं होतं ते मनातल्या मनात. रोज दोन घटका शांत बसायचं, त्या भागाला जवळ घ्यायचं, त्याच्याशी बोलायचं. दुसरा कुणी असता तर त्यानं तेच केलं असतं. पण भोंग्याचं उभं आयुष्य अडकलेली माणसं बाहेर काढण्यात गेलेलं. खड्ड्यात माणूस आहे, त्याला वर आणायचं, एवढं त्याला सांगितलं की त्याच्या डोक्यात फक्त किल्ली, शिडी आणि बॅटरी येते. वर्षात पहिल्यांदा त्याचे हात शिवशिवले.

५

मामा स्वतःहून घरी आला तो दुसरीच बातमी घेऊन. त्या इमारतीतली जुनी लिफ्ट मोडीत निघाली होती. नवी येणार होती, तिला इतका खोल खड्डा लागत नाही. सोमवारी काँक्रीट ओतून निम्मा खड्डा भरायचा होता.

भोंग्यानं कप खाली ठेवला. काँक्रीट पडलं की संपलं. मग औषध कितीही घेतलं, ताईंनी कितीही मुरवलं, तरी तो जन्मभर असाच कुजबुजत राहणार, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानं मामाला सगळं सांगितलं. मामा हसेल असं वाटलं होतं. मामा हसला नाही. त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, त्या दिवशी मी रस्त्यात अडकलो होतो रे, तेव्हापासून मलाही कधीकधी तुझी हाक ऐकू येते, जेवताना वगैरे. मला वाटलं, माझं वय झालं.

ठरलं ते असं. रविवारी दुपारी इमारतीत जायचं. मामा गच्चीवरच्या मोटारखोलीत राहील आणि केबिन वर अडकवून ठेवेल. भोंगा खड्ड्यात उतरेल. जुन्या लिफ्टला खड्ड्यात थांबवायचं बटण नव्हतं, म्हणून सगळा कारभार हाकेवर. मामानं पुन्हा एकदा बजावलं. कुणी काहीही ओरडो, खाली माणूस असला की खालच्याचा शब्द शेवटचा. तो म्हणाला थांबा, तर ब्रह्मदेवासाठीसुद्धा दोर हलणार नाही.

“आणि खालून आवाजच आला नाही तर?” मास्तरणीनं विचारलं.

“याचा आवाज पोचलाच नाही, तर रीत मोडून तळमजल्यावरून येईल ती हाक,” मामा म्हणाला. म्हणताना त्याला ते आवडलं नसावं.

मग मीही येणार, असं मास्तरणीनं जाहीर केलं आणि विषय मिटवला. त्या घरात तिनं मिटवलेला विषय पुन्हा उघडत नसे.

६

रविवारी इमारत सामसूम होती. तळमजल्यावर लख्ख ऊन येत होतं, लादी नुकतीच पुसलेली होती. मास्तरणीनं रखवालदाराची खुर्ची ओढून लिफ्टच्या दारासमोर ठेवली आणि ती पर्स मांडीवर घेऊन बसली. भोंग्यानं किल्लीनं दार उघडलं, खाली लाकडी पाचर मारली. त्यानं दोन शिव्या दिल्या, स्वतःलाच, आणि शिडीला हात घातला.

वरून मामाची हाक आली, “आहेस का?”

“आहे,” तो म्हणाला. तो आवाज वर पोचण्याजोगा नव्हता, म्हणून मास्तरणीनं आत तोंड घालून ठणकावलं, “आहेत!”

खाली उतरल्यावर त्याला जे वाटलं ते त्यानं आधी ओळखलंच नाही, इतके दिवस झाले होते. तो अभिमान होता. तो त्या खड्ड्यात स्वतःच्या पायावर उभा होता. बॅटरीच्या उजेडात स्प्रिंग दिसली, दोराची कप्पी दिसली, कोपऱ्यातला चिखल दिसला. सगळीकडे बोटभर धूळ होती. फक्त मधोमध लांबट जागा स्वच्छ होती, एक माणूस उताणा झोपला तर व्यापेल तेवढी. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.

पाणी झिरपत असेल, त्यानं मनाशी म्हटलं. पण ओल नव्हती. त्यानं वाकून हात लावला. फरशी कोमट होती.

“चल,” तो हळूच म्हणाला. “वर जाऊ.”

मागं शिडी वाजली. लोखंडी पायरीवर बूट पडला, मग दुसरा. भोंगा वळला. उजेड वर गेला तेव्हा दारातून बाहेर पडणारे बुटांचे दोन तळवे तेवढे दिसले. डाव्या टाचेत तिरकी चीर होती. ती कशानं पडली, कधी पडली, हे त्याला माहीत होतं. ते बूट गेल्या वर्षी या खड्ड्यातून बाहेर आल्यावर त्यानं स्वतः टाकून दिले होते.

वर लादीवर पावलं थांबली. मग त्याचा स्वतःचा आवाज, भरदार, हसरा, जुना.

“झालं बघ. चल, घरी जाऊ.”

बायको काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. ती खुर्चीवरून उठल्याचं ऐकू आलं. भोंगा शिडीकडे गेला नाही. त्याच्या मनात आलं, हिला हेच तर हवं होतं. वर्षभर ही ज्याच्यासाठी झुरली तो वर आला. हसणारा, जेवणारा, हाक मारली की इमारत हलवणारा. मी काय दिलं हिला या वर्षात? पाठ. खिडकीकडे वळलेली पाठ. तिनं जावं. मला राग येणार नाही.

त्याचे पाय आपोआप त्या स्वच्छ जागेकडे वळले. तो खाली बसला. मग आडवा झाला. जागा त्याच्या मापाचीच होती.

“मामा,” वरचा आवाज गरजला, “खाली घ्या!”

खूप वरून ओ आली, “खाली घेतो!” आणि दोर हलला.

७

केबिन हळूहळू येत होती. भोंग्याला तिच्या तळाचं चौकोनी काळं दिसत होतं, मोठं होत जाणारं. मनात काहीच नव्हतं, उलट बरं वाटत होतं. तेवढ्यात दारातून एक डोकं आत आलं.

“अहो!” मास्तरीण ओरडली. “आहात का खाली?”

“आहे!” उत्तर तिच्या मागूनच आलं, मोठ्यानं, तिचा प्रश्न संपायच्या आत.

मास्तरीण वळली. तिचा वर्गातला आवाज निघाला, जो ऐकून पोरं बाकाखाली शिरतात. “तुम्हाला विचारलं नाही मी. दुसऱ्याची हजेरी लावायची नाही.” मग ती पुन्हा खड्ड्यात वाकली आणि तिचा आवाज फुटला. “मला सगळे तुम्हीच हवे आहात हो. गप्प बसलेलेसुद्धा. तुम्ही नसाल तर मी याला घेऊन काय करू? ओ द्या.”

आणि भोंग्याला प्रचंड राग आला. स्वतःचा नाही, औषधाचा नाही, त्या लोखंडाचा. वर्षभर छातीवर बसलेल्या लोखंडाचा. त्यानं तोंड उघडलं. आधी नुसती हवा निघाली. मग पोटातून, बेंबीच्या देठापासून, कुठून आलं ते आलं.

“थांबा!”

दारांच्या काचा थरथरल्या. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी कुत्रं भुंकू लागलं. आणि गच्चीवरून मामाचा आवाज आला, पार चिरकलेला, “थांबवतो! थांबवलं!” केबिन लटकली. तिच्या आणि तळमजल्याच्या लादीच्या मधे आता एक माणूस रांगत बाहेर पडेल एवढीच फट होती.

तो रांगत निघाला, शिडीला लागला, वर आला. छाती भात्यासारखी चालत होती आणि त्याला हसू येत होतं. शिडीवर, अर्ध्यात, मूर्खासारखं हसू.

लादीवर मास्तरीण एकटीच होती. ती त्याच्याकडे पाठ करून, पाय रोवून उभी होती. उजवा हात पुढं ताणलेला, मूठ घट्ट वळलेली. मनगट धरतात तशी, पण मुठीत काही दिसत नव्हतं. तिच्या चपला पुसलेल्या लादीवरून बाहेरच्या दाराकडे तसूतसूनं घसरत होत्या.

“धरून ठेवलाय,” ती दातांतून म्हणाली. “लवकर या. फार ओढतोय.”

भोंग्याची बुद्धी म्हणाली, इथं काही नाही. धक्का बसलाय बाईला. त्याच बुद्धीला तिच्यासमोर लादीवर दोन काळे तेलकट ठसे दिसले, बुटांचे, बाहेरच्या दाराकडे तोंड करून. डाव्याच्या टाचेत तिरकी रेघ. ठसे ओले होते आणि कडेनं अजून पसरत होते. त्यावर कुणी उभं असावं तसे.

त्यानं वर पाहिलं नाही. चेहरा जिथं असता तिथं तर मुळीच नाही. त्यानं नजर लादीवर ठेवली, चार पावलं टाकली आणि आपले पाय त्या ठशांवर ठेवले. डावा, मग उजवा. थंडी वाजली, हाडांपर्यंत. कुणीतरी कानाशी श्वास आत ओढला. मग त्यानं आपलं मनगट बायकोच्या मुठीत सरकवलं.

मूठ आणखी आवळली. मग एकदम सैल पडली. मास्तरीण मागच्या मागं खुर्चीवर बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली, वरपासून खालपर्यंत, नव्या पोराला वर्गात घ्यायच्या आधी बघतात तशी.

“बोला काहीतरी,” ती म्हणाली.

“काय बोलू?” तो म्हणाला. आवाज तळमजलाभर घुमला. तो जुना होता, पण त्याच्या बुडाशी या वर्षाची थोडी खरखर होती. मास्तरणीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिला रडायचं होतं की हसायचं, ते तिचं तिलाच ठरवता येईना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

गच्चीवरून मामा बोंबलला, “अरे, कुणीतरी बोला! जिवंत आहात की नाही? लिफ्ट अधांतरी लटकलीय इथं, आणि मी पण!”

भोंग्यानं पाचर काढून दार लोटलं. “सगळे बाहेर आहेत मामा, तळमजल्याला आणा!” त्यानं हाक दिली. हाकेपाठोपाठ मामाची ओ आली आणि केबिन समोर येऊन उभी राहिली. वर्षभर तो ज्या दारासमोर उभाही राहू शकला नव्हता, ते त्यानं स्वतःच्या हातानं उघडलं आणि बायकोला आत घेतलं. गुडघे ठणठणीत होते. जिन्यानं जायचं का, असं तिनं विचारलं नाही आणि त्याच्याही मनात ते आलं नाही.

“वर घ्या!”

“वर घेतो!”

दोर ताणला गेला, मोटार घुरघुरली आणि लगेच जड झाली. जुन्या मोटारीचा आवाज ऐकून मामाला डोळे मिटून सांगता यायचं, आत माणसं किती आहेत ते. केबिननं पहिला मजला ओलांडल्यावर त्याची हाक आली, जरा बिचकत, “अरे, तिघं चढलात काय?”

भोंगा तोंड उघडणार तोच मास्तरणीनं त्याचा हात दाबला. तिनं केबिनच्या रिकाम्या कोपऱ्याकडे एकदा पाहिलं, मान ताठ केली आणि वर्गातल्या आवाजात ओ दिली.

“दोघंच आहोत, मामा. तुम्ही घ्या वर.”